"पाकीट मीच ठेवलं होतं मॅडम, मग मी एथिक्स कसं लिहू?"

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठेतली स्पर्धा परीक्षा देणारी मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात ती झोप लागत नाही, घरचं प्रेशर आहे, अटेम्प्ट संपत आलेत असं सगळं घेऊन, पण हल्ली एक वाक्य फार ऐकतेय, "मीच धड प्रामाणिक नाही, तर अधिकारी होऊन काय करणार?" यूपीएससीत २०१३ पासून नीतिशास्त्राचा (एथिक्स, इंटिग्रिटी आणि अॅप्टिट्यूड) २५० मार्कांचा पेपर आहे आणि त्यातले जवळपास निम्मे मार्क केस स्टडीचे, म्हणजे पेचाचा प्रसंग देऊन तुम्ही काय कराल विचारणाऱ्या प्रश्नांचे, त्यामुळे तो लिहायला बसलं की हे सगळं वर येतं.

एकाचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). केस स्टडी घेतली की याचा हात थांबायचा. तिसऱ्या भेटीत बोलला. बारावीत असताना जमिनीच्या फेरफारासाठी वडिलांनी लाच दिली, ते पैशांचं पाकीट टेबलावर यानेच ठेवलं होतं.

"तेव्हा काय वाटलं?"
"लाज. अजून वाटते."
"मूल्यंच नसती तर लाज वाटली असती का?"

गप्प बसला. पटलं नव्हतं, मीही ताणलं नाही.

पुढे एकदा उशिरा आला. फी परवडत नाही म्हणून हा अभ्यासिकेतच काउंटर सांभाळतो. बोलता बोलता म्हणाला, एका सिनिअरने मित्रासाठी फॅनखालची सीट मागितली, याने वेटिंगची वही पुढे केली, "दादा, आधी अकरा जण आहेत." ज्याच्या नोट्सवर हा अभ्यास करतो तो सिनिअर पंधरा दिवस बोलला नाही.

"हे आधी का नाही सांगितलंस?"
"यात काय सांगायचं मॅडम, वहीत नंबर होते ना."

असं म्हणाला आणि स्वतःच थांबला. डोळे भरून आले त्याचे. मी काहीच बोलले नाही, इतक्या वर्षांत एवढं नक्की शिकलेय की अशा वेळी आपण मध्ये पडायचं नाही. पाकिटाने त्याला अप्रामाणिक ठरवलं नव्हतं, तो शिक्का त्याने स्वतःच मारून घेतला होता आणि रोजची वही मोजलीच नव्हती.

म्हणून मी मुलांना सांगते, रोज रात्री दोन ओळी लिहा, आज कुणाला नाही म्हणालो आणि ते किती महागात पडलं. एकच गोष्ट दहाव्या माणसाला न चिडता समजावता येते का, तेही बघा, पेपरातलं अॅप्टिट्यूड म्हणजे बरंचसं हेच. आणि घरच्यांवर राग धरण्यापेक्षा त्यांना माहिती द्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि ७ दिवसांत तक्रार केली तर देणाऱ्याला संरक्षण मिळतं. एसीबीचा, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

परवा त्याचा मेसेज आला. सिनिअरच्या मित्राने वहीत नाव लिहिलंय, नंबर चौदावा.