तो सिनेमा अर्ध्यात सोडून उठला

मिरजच्या ताई,

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं पत्र थोडक्यात सांगते. नवरा घर सोडून गेला त्याला चौदा महिने झाले. मुलगा नववीत. ‘बाबा कामासाठी बाहेरगावी आहेत,’ असं तुम्ही त्याला सांगत आलात. मैत्रिणीने सुचवलेला ‘द किड विथ अ बाइक’ हा सिनेमा दोघांनी मिळून लावलात. मुलगा अर्ध्यातून उठला, दोन दिवस बोलला नाही. माझं चुकलं का, असं विचारलंय.

सिनेमा दाखवला यात काही चुकलं नाही. पण तो नेमका हॉटेलच्या किचनच्या प्रसंगाला उठला, हेही तुम्हीच लिहिलंय. दार्देन बंधूंच्या या २०११ च्या बेल्जियन सिनेमातला सिरिल जेमतेम बाराचा. बाप त्याला बालगृहात ठेवून पसार झालाय. बाबा माझी सायकल विकणारच नाहीत, यावर पोरगं अडून बसलेलं. विकलेली असते, बापानेच. पुढे बाप सापडतो, ‘फोन करीन’ म्हणून पोराची बोळवण करतो आणि समांथाला हळूच सांगतो, याला परत आणू नका. समांथा सलून चालवणारी बाई, सिरिलची कोणी नाही. पण ती हा निरोप पोचवत नाही. तुझं तू सांग, म्हणून बापालाच पोरापुढे उभं करते. नंतर गाडीत सिरिल स्वतःचं तोंड ओरबाडतो, तेव्हा त्याला धरायला तीच असते.

तुमच्या घरी तो निरोप सिनेमाने दिला. मुलाला तो नवा नसणार. चौदा महिन्यांचं ‘बाहेरगाव’ नववीतल्या पोराला कळतं हो. तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प असेल.

नवऱ्याला एकदा फोन करा, त्याने स्वतः सांगावं. टाळलं, तर तुम्ही सांगा: ‘बाबा परत राहायला येतील असं वाटत नाही. ते तुझ्यामुळे गेले नाहीत. मी खोटं बोलले, कारण मला भीती वाटत होती.’ त्यात बापाला शिव्या नकोत. (मनात खुशाल घाला.) तो दार आपटेल, आपटू दे, तुम्ही घरातच थांबा. झोप-जेवण बिघडलंच, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

आणि तुमच्या पत्रातली ती स्प्लेंडर मोटरसायकल. दर रविवारी मुलगा ती फडक्याने पुसतो, किक मारून बघतो, आणि दीर ती विकायची म्हणताहेत. त्याला विचारल्याशिवाय विकू देऊ नका. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्या सहीशिवाय ती दिरांना विकताही येणार नाही. आरसी बुक तेवढं तुमच्या कपाटात ठेवा.