लडाखी घराची ऊब : आधी ऊन, मग शेण

प्रश्न : लडाखच्या गावांत पारा उणे 20 अंशांवर जातो. मग तिथे सौर पॅनेलवर हीटर का चालवत नाहीत?

उत्तर : पॅनेलवर पडलेल्या उन्हातला जेमतेम पाचवा हिस्सा वीज होऊन हाती लागतो. त्यापेक्षा थेट भिंतच तापवलेली बरी. दक्षिणेची जाड मातीची भिंत बाहेरून काळी रंगवतात, पुढे सुमारे 10 सेंटिमीटर पोकळी सोडून काच बसवतात आणि भिंतीला खाली-वर झरोके ठेवतात. तापलेली हवा वरून खोलीत येते, गार हवा खालून पोकळीत जाते. सूर्य मावळताना झरोके बंद करायचे राहिले, की हेच चक्र उलटं फिरून खोली गारठते. ढगाळ दिवसांसाठी बुखारी, म्हणजे धुराड्याची लोखंडी शेगडी. तिच्यात वाळलेलं शेण जाळतात. धुराड्यातली काजळी मात्र वेळेवर झाडावी, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बंद खोलीत साचतो. त्याला वासही नसतो.