वाचक विचारतात : मुलाखत चित्रित करायची, पण कुठे बसून?

प्रश्न : गावातल्या ऐंशी वर्षांच्या एका आजींची मुलाखत मोबाइलवर घ्यायची आहे. जात्यावरच्या ओव्याही त्या म्हणणार आहेत. घरात नवा, टाइल्स बसवलेला मोठा हॉल आहे, पण तिथे करून पाहिलं तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. दुसरी जागा जुनं माजघर, पण ते काळोखं आणि सामानानं भरलेलं. (कराड)

माजघर घ्या. तुम्हाला जी अडगळ वाटते, तीच तिथे कामाला येते. गाद्या, गोधड्या, धान्याची पोती, सारवलेली जमीन आवाज शोषून घेतात. टाइल्स, काच आणि गुळगुळीत गिलावा तो परत फेकतात. दोन्ही खोल्यांत एकेक टाळी वाजवून ऐका, फरक लगेच कळेल. कमी उजेडावर दिवा लावता येतो, पण आवाजात शिरलेला घुमारा नंतर संपादनात धड निघत नाही. म्हणून पार्श्वभूमी पाहून जागा ठरवण्याची घाई नको.

उजेडासाठी आजींना दारापासून तीन-चार फूट आत, दार एका बाजूला येईल असं बसवा. त्या पाटावर बसणार असतील तर मोबाइलही खाली, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. झोपाळा आणि करकरणारी प्लास्टिकची खुर्ची नकोच.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. मोकळ्या जागेत माइकचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. मोबाइलच्या स्वतःच्या माइकवर आवाज लांबून आल्यासारखा वाटतो तो यामुळेच. माइकला मंगळसूत्र किंवा खळ केलेला पदर घासणार नाही एवढं पाहा.

मुलाखत ज्या वेळी घ्यायची त्याच वेळी आदल्या दिवशी तिथे जा आणि हेडफोन लावून पाच मिनिटं गप्प बसा. पिठाची गिरणी, शेतपंप, शाळेची सुट्टी, देवळातला कर्णा, कुकरची शिट्टी, जे ऐकू येईल त्याची वेळ लिहून घ्या. पंखा बंद ठेवावा लागणार, तेव्हा उन्हाळ्यात सकाळचीच वेळ धरा. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय निघता येणार नाही. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती खोलीची शांतता मुद्रित करा. कापाकापी केलेल्या जागा सांधताना ती लागते.

हॉलशिवाय इलाज नसेल तर जमिनीवर सतरंजी अंथरा आणि कॅमेऱ्याच्या मागे, चित्रात येणार नाहीत अशा दोन जाड गोधड्या दोरीवर टांगा. आवाज तोंडासमोर जातो, त्यामुळे आजींच्या पाठीमागे टांगण्यापेक्षा समोर टांगलेल्या जास्त उपयोगी पडतात.

प्रश्न : फ्लॅटमधली खोली १० बाय १२ फुटांची आहे. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा पडतो, आणि ट्यूबलाइट लावली तर चित्रात पट्टे सरकतात. (ठाणे)

खिडकी पाहुण्याच्या पाठीमागे नको आणि अगदी नाकासमोरही नको. समोरून थोडी बाजूला, साधारण ४५ अंशांत हवी. ऊन थेट येत असेल तर पांढरी चादर किंवा धोतर आडवं लावा. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला दोन-तीन फुटांवर थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला की सावली मऊ होते. उत्तरेच्या खिडकीत उजेड बराच वेळ सारखा राहतो. पूर्वेच्या खिडकीत सकाळभर ऊन सरकत जातं आणि पहिलं उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही.

पट्ट्यांचं कारण आपल्या विजेत आहे. ती ५० हर्ट्‌झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. १/६० वर पट्टे दिसू शकतात. स्वस्त एलईडी दिवेही हाच त्रास देतात. उजेड पुरत असेल तर घरातले दिवे बंद करणंच उत्तम, कारण खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) आणि पिवळा बल्ब २७०० ते ३००० चा. दोन्ही मिसळले की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा नारिंगी दिसतो. मग पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा.

लहान खोलीत भिंतीला समांतर बसवू नका. कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजलं तर हीच खोली साडेपंधरा फूट भरते. त्या तिरक्या रेषेवर माणूस मागच्या कोपऱ्यापासून पाच-सहा फूट पुढे आणि मोबाइल त्याच्यापासून चार-पाच फुटांवर ठेवा. वाइड लेन्स जवळ नेऊ नका, नाक मोठं दिसतं. शोकेसच्या काचेत तुमचंच प्रतिबिंब पडत नाही ना, तेही पाहा. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा. तारीख आणि दुकानाची जाहिरात दोन्ही नकोत.

प्रश्न : द्राक्षबागायतदाराची मुलाखत बागेतच घ्यावी का? (निफाड)

बाग मागे दिसू द्या, माणूस मांडवाबाहेर. मांडवाखाली पानांतून उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडतात आणि कातडीवर हिरवट झाक येते. शेडच्या किंवा घराच्या सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून बसवा. भर दुपार टाळा, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. माइकवर केसाळ आवरण हवंच. नुसता फोम झुळूक कशीबशी पेलतो, वारा नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीचे ब्लोअर आसपास सतत चालतात, शेजाऱ्याला आधी विचारा. संध्याकाळी साळुंक्यांचा कलकलाट सुरू व्हायच्या आत आवरा.

प्रश्न : गडाच्या अभ्यासकाची मुलाखत रायगडावरच घ्यायची इच्छा आहे. (महाड)

रायगड केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. तिपाई लावून चित्रण करायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, तिचा अर्ज वेळेत करा. माथ्यावरचा वारा आणि सुट्टीची गर्दी बोलणं ऐकू देत नाहीत. आमच्या मते मुलाखत गडाच्या पायथ्याच्या पाचाड गावात घ्यावी आणि गडावरची दृश्यं वेगळी घेऊन मध्ये जोडावीत. पाचाडहून गड पूर्वेकडे येतो. सकाळी सूर्य त्याच्या मागे असल्यानं कडे नुसते धुरकट दिसतात, दुपारी तीननंतर तेच उजळतात.