गाडी घाटातच मिसिंग का मारते?

प्रश्न : मी वाईला राहते, नोकरी पाचगणीला. आठ महिन्यांपूर्वी २०१४ची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी सेकंडहँड घेतली, ७८ हजार किलोमीटर झालेली. सपाटीला नीट चालते, पण पसरणी घाटात झटके देते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरला पी ०३०३ आणि पी ०१७१ हे कोड आले. गॅरेजवाल्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला. चार दिवसांत दिवा पुन्हा लागला. आता म्हणतात, कॅट-कॉन (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बदला. काय करू?
— एक शिक्षिका, वाई

उत्तर : ताई, कॅट-कॉनला आत्ता हो म्हणू नका. तो खरंच जाम असता तर सगळ्या इंजिनाचाच दम कोंडला असता, एकट्या तिसऱ्या सिलिंडरचं नाव आलं नसतं. पी ०३०३ हा मिसिंगचा कोड, त्यातला शेवटचा ३ म्हणजे तिसरा सिलिंडर. आधी तिथेच बघायचं.

मग पी ०१७१, म्हणजे ‘हवा जास्त, पेट्रोल कमी’ हा कोड, कुठून आला? ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरमधली हवा न जळता सायलेन्सरकडे जाते. सेन्सर मोजतो ऑक्सिजन; पेट्रोल त्याला दिसत नाही. ऑक्सिजन जास्त दिसला की तो कळवतो, ‘पेट्रोल कमी पडतंय’, आणि कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. म्हणजे तुमचा जुना सेन्सर बहुधा जे दिसलं तेच सांगत होता. असा सेन्सर बदलण्याची चूक माझ्याही हातून झाली आहे. गिऱ्हाइकाला सेन्सरचे पैसे परत केले, आणि तेव्हापासून अदलाबदल करून पाहिल्याशिवाय मी एकही पार्ट मागवत नाही.

घाटात लोड येतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. कमजोर कॉइल सपाटीला निभावते, चढाला हात टेकते. म्हणून माझा पहिला संशय कॉइल आणि प्लगवर.

मेकॅनिकला समोर उभं राहून हे करायला सांगा. कोड उडवण्याआधी ‘फ्रीज फ्रेम’चा फोटो काढा, कोड पडला तेव्हा आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान किती होतं ते त्यात असतं. मग गार इंजिनावर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवा. कनेक्टरचं लॉक जपून दाबा, जुनं प्लास्टिक चटकन तुटतं. कोड उडवून पसरणी चढून या. पी ०३०२ आला तर कॉइलच गेली. पी ०३०३ तसाच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टरची (पेट्रोल फवारणारा भाग), आणि तरीही तिथेच अडला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब धरतो का, ते तपासा.

कॉइल काढलीच आहे तर तिचं रबर उजेडात धरून बघा. केसाएवढी चीर किंवा बारीक पांढुरकी रेघ दिसली तर ठिणगी तिथून बाहेर पळते आहे. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदला, नाहीतर नवी कॉइलही त्यात भिजेल.

गाडी उभी असताना थरथरत असती आणि वेगात सुधारत असती, तर मी आधी इनटेकचे, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेवरचे, फाटके होज शोधले असते. तुमचं उलट आहे.

तोवर दिवा लुकलुकला की ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला थांबा. न जळलेलं पेट्रोल कॅट-कॉनमध्ये जाऊन जळतं, आणि आज धड असलेला कॅट-कॉन त्या उष्णतेने खरोखर जाईल. काही दिवस एसटीने जा, पण ही गाडी अशी घाटात चढवू नका.

प्रश्न : जुनी गाडी बघायला जातोय. विकणाऱ्याने कोड उडवून ठेवले असतील तर कळेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बऱ्याचदा कळतं. स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस’चं पान उघडा. कोड उडवला किंवा बॅटरी काढली की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात आणि तिथे ‘अपूर्ण’ दाखवतात. बऱ्याच अपूर्ण असतील तर दोन-तीन दिवस गाडी चालवू द्या म्हणावं, मग पुन्हा स्कॅनर लावा. आणखी एक, किल्ली ‘ऑन’ केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. आधी लागलाच नाही तर तो बंद करून ठेवला असेल किंवा बल्ब गेला असेल. कारण कळेपर्यंत बयाणा देऊ नका. आणि गार इंजिनच बघायचंय असं आधी कळवून ठेवा. पोचलात की पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा; गरम लागलं तर इंजिन आधीच चालवून ठेवलंय.