चावी तुझ्या खिशात नको

पोरी,

परवा रात्री तुझा मेसेज आला तेव्हाच उत्तर द्यायला बसलो होतो पण दोन ओळीत संपणारं प्रकरण नाही हे, म्हणून आज निवांत लिहितोय. प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनच्या विभागात, लागून तुला जेमतेम चार महिने झाले, शिफ्ट इंचार्ज केलं म्हणून घरी पेढे वाटले, आणि पहिल्याच आठवड्यात प्लँट हेडनी लाईट कर्टनची (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बायपास चावी, म्हणजे तो बंद पाडायची, हातात दिली की टार्गेट बसत नसलं तर फिरवत जा, ऑडिटवाले आले की तेवढं चालू ठेव. आणि तू विचारतेस, काका, नाही म्हणलं तर नोकरी जाईल का.

जाऊ शकते. खोटं कशाला सांगू. पण आधी माझं ऐक.

1994 साली मी भोसरीत एका वर्कशॉपला फोरमन होतो, नाव जाऊ दे. ब्रॅकेटचे जॉब चालायचे, प्रेसला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा ठोका, पडायचा नाही, म्हणजे स्ट्रोकच्या वेळी हात डायमध्ये, म्हणजे दाबणाऱ्या साच्यात, असण्याचा प्रश्नच नाही. पण त्यात वेळ जातो ना, म्हणून एका बटणात लाकडाची पाचर मारून ठेवलेली असायची, ती मला माहीत होती, मालकाला माहीत होती, रोज राउंडला दिसायची. तिसऱ्या शिफ्टला पहाटे चारच्या सुमारास ठेकेदाराच्या एका पोराचा हात आत असताना प्रेस पडली. एकोणीस वर्षांचा होता, उस्मानाबादकडचा. हातमोज्याची दोन बोटं कागदासारखी चपटी झाली होती आणि तो ओरडलासुद्धा नाही, दुसऱ्या हातानं मोटर बंद करायला गेला, कारण मशीन चालू सोडून उठायचं नाही असं आम्हीच शिकवलेलं. बोटं आम्ही कॉटन वेस्टमध्ये गुंडाळली, ऑइल लागलेलं वेस्ट, तेवढी अक्कल कोणाला होती.

सकाळी ऑफिसात सगळ्यात आधी त्याचं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड काढायची पळापळ, कारण सहा महिने काम करत होता तरी त्याची नोंदच नव्हती. मग अपघाताचा रिपोर्ट आला. कारणाच्या रकान्यात 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे' असं आधीच टाईप केलेलं होतं, मी खाली सही केली. आणि ती पाचर रिपोर्ट व्हायच्या आधी मीच काढून टाकली होती. तीस वर्षं झाली त्याला, हे मी तुझ्या काकूलाही नीट सांगितलेलं नाही, तुला सांगतोय कारण आज त्या जागी तू उभी आहेस.

आता कायद्याचं, कारण ते तुला पाठ पाहिजे. भोपाळला 1984 मध्ये जे झालं त्यानंतर 1987 साली आपल्या फॅक्टरी ॲक्टमध्ये 7अ कलम घातलं, की कामगारांचं आरोग्य आणि सुरक्षितता सांभाळणं ही ऑक्युपायरची, म्हणजे कारखान्याचा ताबा ज्याच्याकडे त्याची, जबाबदारी, मशीन सुरक्षित ठेवणं, माहिती देणं, ट्रेनिंग देणं, देखरेख ठेवणं सगळं त्यात आलं. आणि कंपनी असेल तर ऑक्युपायर म्हणजे डायरेक्टर, कुठल्यातरी मॅनेजरचं नाव पुढे करून चालत नाही, सुप्रीम कोर्टानंसुद्धा हे मान्य केलंय. मशीनच्या धोकादायक भागाला गार्ड पाहिजे हे 21 वं कलम तर 1948 पासूनचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून या जुन्या कायद्याच्या जागी नवा सुरक्षेचा कोड आला, त्यातही मालकाचं कर्तव्य हेच आहे. कर्तव्य मोडल्यामुळे माणूस मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी 5 लाख दंड किंवा दोन्ही, आणि दंडातली निदान निम्मी रक्कम घरच्यांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. कामगाराला जीवाला धोका आहे असं वाटलं तर तो मालकाला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवू शकतो, हा हक्क आहे त्याचा, हे तुझ्या शिफ्टमधल्या एकाला तरी माहीत आहे का ते विचारून बघ.

म्हणजे चावी तुला दिली म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. पण पोलीस केस झाली की पहिलं नाव शिफ्टवर हजर असलेल्या माणसाचं येतं, माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं 106 कलम, निष्काळजीपणानं मृत्यूचं, लागतं. तोंडी मिळालेल्या ऑर्डरचा पुरावा कुठून आणणार तू? म्हणून उद्याच्या उद्या चावी परत कर आणि लगेच एक मेल टाक, साधं लिही, भांडू नकोस: अमुक नंबरच्या प्रेसची बायपास चावी आज इतक्या वाजता परत दिली, सेफ्टी चालू ठेवून ताशी इतके पीस निघतायत, टार्गेट त्याप्रमाणे ठरवावं किंवा माल आपोआप आत सरकवणारा फीडर बसवावा. कॉपी सेफ्टी ऑफिसरला. आकडा नक्की दे, म्हणजे ती तक्रार न राहता कामाचं पत्र होतं, त्याला उत्तर द्यावंच लागतं.

आणखी एक. लाईट कर्टन चालू आहे म्हणून निश्चिंत होऊ नकोस. हाताचा वेग सेकंदाला 1.6 मीटर धरतात, म्हणजे प्रेस थांबायला पाव सेकंद घेत असेल तर तेवढ्यात हात 40 सेंटिमीटर आत गेलेला असतो, आणि मी कित्येक ठिकाणी कर्टन डायपासून वीतभर अंतरावर बसवलेला बघितलाय, नुसता हिरवा दिवा लागतो, उपयोग शून्य. आणि जुनी पिन क्लचची प्रेस असेल तर विषयच संपला, क्लच एकदा पडला की फेरा पूर्ण केल्याशिवाय ती थांबतच नाही, तिला कर्टन लावणं म्हणजे डोळ्यात धूळ. तिथे फिक्स गार्ड नाहीतर उघडं असलं की प्रेस चालू होऊ न देणारं इंटरलॉकवालं गेटच पाहिजे. प्रेस कधी आपोआप डबल, म्हणजे एका दाबात दोन ठोके, मारायला लागली तर 'शिफ्ट संपेपर्यंत चालवू' कोणी म्हणलं तरी तिथेच बंद करायची, टॅग लावायचा.

कॉन्ट्रॅक्टच्या पोरांची यादी घे, प्रत्येकाचा ईएसआय नंबर आहे का बघ. पगार 21,000 पर्यंत असेल तर कार्ड पहिल्या दिवसापासून पाहिजे, कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25, आणि ठेकेदारानं भरले नाहीत तर मूळ कंपनीला भरावे लागतात. हे कागदी काम समजू नकोस, तर्जनीची दोन पेरं गेली की कायद्याच्या तक्त्यात 11 टक्के, मधल्या बोटाची 9, आणि त्या टक्क्यांवर माणसाची जन्मभराची पेन्शन ठरते, आणि बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात ते वेगळेच. नोंद नसेल तर त्याला पहिल्या दिवसापासून हात पसरावे लागतात, तेही अर्ध्या हातानं.

आणि देव न करो पण झालंच काही, तर तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची, बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही. पेशंटबरोबरच पाठवायचं. मशीनला हात लावू द्यायचा नाही, आहे तसे फोटो काढायचे. रिपोर्टमध्ये जे दिसलं तेच लिही, गार्ड होता की नव्हता, कर्टन चालू होता की बंद, कितव्या तासाची ड्युटी होती. 'निष्काळजीपणा' हा शब्द आधीच टाईप करून आला तर सही करू नकोस, पोरी, काय वाट्टेल ते होऊ दे.

नोकरीचं म्हणशील तर डिप्लोमा आहे तुझा, चाकण काय रांजणगाव काय, बघू आपण, माझ्या ओळखीतले दोघंतिघं अजून आहेत तिकडे.

शनिवारी घरीच आहे. येताना त्या प्रेसच्या नेमप्लेटचा आणि क्लचच्या बाजूचा फोटो काढून आण, स्टॉपिंग टाईमचा रिपोर्ट फाईलला असला तर तोही. कर्टन डायपासून किती अंतरावर आहे ते टेपनं मोजून आण, अंदाजानं नको.

तुझा,
काका