गाडीच्या आत धुराचा वास : शोध कुठून सुरू करावा?

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी गाडी आठ वर्षांची आहे. काही आठवड्यांपासून गाडी सिग्नलला उभी राहिली की आत धुराचा उग्र वास येतो आणि वेग घेतला की जवळजवळ नाहीसा होतो. गॅरेजमध्ये केबिन फिल्टर काढून कोळशाचा फिल्टर बसवला, तेव्हापासून वास कमी झाला आहे. मात्र परवा बराच वेळ वाहतूक कोंडीत अडकलो असता पत्नीचे डोके दुखू लागले. सायलेन्सर बदलून घ्यावा का?

उत्तर : सायलेन्सर बदलण्याची घाई करू नका, गाडी तपासून घेण्याची घाई मात्र अवश्य करा, कारण आपल्या पत्रातील डोकेदुखीचा उल्लेख मला वासापेक्षा अधिक गंभीर वाटतो. धुरातील सर्वांत घातक घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना रंग असतो ना वास. नाकाला जाणवतो तो अर्धवट जळालेल्या इंधनाचा आणि सोबतच्या इतर वायूंचा दर्प. रक्तातील हिमोग्लोबिनशी हा वायू ऑक्सिजनच्या तुलनेत 200 पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो, त्यामुळे थोड्या प्रमाणातही तो बराच वेळ श्वासावाटे आत जात राहिला तर डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी येऊ लागते. फिल्टरमधील कोळसा दर्प शोषून घेतो, पण कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. म्हणजे आपल्या गाडीतील गळती थांबलेली नाही, फक्त तिची चाहूल लागायची कमी झाली आहे. सुगंधी डब्या टांगण्याचा उपाय याच कारणाने मला मुळीच पटत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी शक्यतो बाहेर काढू नये. गॅरेजपर्यंत न्यावीच लागली, तर चारही काचा पूर्ण उघड्या ठेवाव्यात आणि थांबावे लागेल तिथे इंजिन बंद करावे. वाटेत कोणाला गरगरल्यासारखे वाटले तर गाडी बाजूला घेऊन सर्वांनी मोकळ्या हवेत उतरावे व डॉक्टरांना गाठावे.

आता शोधाकडे वळू. वास केव्हा येतो यावरून तो कुठून येतो याचा बराचसा अंदाज बांधता येतो. आपल्याप्रमाणे उभ्या गाडीत वास येत असेल आणि वेग घेताच जात असेल, तर गळती बहुधा बोनेटखाली, इंजिनाच्या जवळ असते. कारण ब्लोअर बाहेरची हवा घेतो ती पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून, आणि बोनेटखाली साचलेला गरम धूर नेमका तिथेच वर येतो. गाडी धावू लागली की समोरचा वारा तो मागे उडवून नेतो. उलट धावत्या गाडीत, विशेषतः मागच्या काचा उघड्या असताना वास येत असेल, तर संशय डिकीच्या रबर बीडिंगवर घ्यावा, कारण गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होऊन धूर आत ओढला जातो. कागदाची पट्टी मध्ये धरून डिकी बंद करावी आणि पट्टी ओढून पाहावी. जिथे ती विनासायास सुटून येते, तिथे बीडिंग दबलेले किंवा फाटलेले असते.

आपल्या गाडीबाबत पहिला संशयित म्हणजे इंजिन आणि धुराची नळी यांना जोडणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व त्याचे गॅस्केट, म्हणजे सांध्यातून धूर गळू नये म्हणून मध्ये बसवलेली चकती. रात्रभर थंड झालेले इंजिन सकाळी सुरू करताच बोनेटखालून बारीक टक-टक ऐकू येते आणि इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावून फट बुजते, तसा तो आवाज मंदावतो किंवा थांबतो. गरम गाडी संध्याकाळी दाखवली की ‘काही सापडत नाही’ असे उत्तर मिळते ते बरेचदा यामुळेच. म्हणून गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये ठेवावी आणि सकाळचे पहिले स्टार्टिंग मेकॅनिकच्या समोर होऊ द्यावे. थंड असतानाच टॉर्च लावून सांध्याभोवती काजळीचा काळा ओघळ दिसतो का ते पाहावे. तो दिसला नाही, तर इंजिन बंद ठेवून मागच्या नळीतून हलक्या दाबाने हवा सोडतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी मारतात. फट असेल तिथे बुडबुडे उठतात.

गॅस्केट गेले असेल तर ते नवे टाकताना मॅनिफोल्डचा पृष्ठभाग वाकलेला नाही ना हे तपासून घ्यावे, अन्यथा नवे गॅस्केटही टिकत नाही. मॅनिफोल्ड घट्ट धरणारे गंजलेले स्टड (आट्यांचे खिळे) काढताना तुटू शकतात, त्यामुळे काम लांबले तर मेकॅनिकला लगेच दोष देऊ नये. भेगेवर पुट्टी किंवा पट्टी लावणे ही वेळ मारून नेण्याची सोय आहे. धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर फसतो आणि गाडीतील संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. अलीकडे आपल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज घटले असेल, तर तेही मेकॅनिकच्या कानावर घालावे.

वास जळक्या तेलासारखा असेल, तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या गॅस्केटमधून ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर गळत असण्याची शक्यता पाहावी. शेवटी, इंजिन व केबिन यांच्यामधील पत्र्यात वायरी जिथून आत येतात तिथली रबरे तपासावीत. मात्र ती बदलून मूळ गळती तशीच ठेवू नये.

प्रश्न : सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे मागच्या नळीजवळ उग्र वास येतो, नंतर येत नाही. आत कधीच जाणवत नाही. हा दोष समजावा का?

उत्तर : नाही. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुमारे 250 ते 300 अंश सेल्सिअस तापल्याशिवाय नीट काम करत नाही. बंद जागेत मात्र इंजिन तापवत ठेवू नये. शटर उघडणे पुरेसे नसते, सुरू केलेली गाडी लगेच बाहेर आणावी. इंजिन पूर्ण तापल्यावरही सडक्या अंड्यांसारखा वास येत राहिला, तर तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तेव्हा स्कॅनर लावून इंधनाचे मिश्रण आणि कन्व्हर्टर दोन्ही तपासून घ्यावे.