टेक्नो क्लबमध्ये रात्रभर तोच ठोका ऐकून लोक कंटाळत कसे नाहीत?

प्रश्न विचारणारे खानापूरकडचे आहेत. बेंगळुरूत नवी नोकरी लागलीय, ऑफिसातली पोरं शनिवारी टेक्नो क्लबमध्ये नेणार आहेत, आणि ते लिहितात, "त्यापेक्षा आपल्या गणपतीतला डॉल्बी बरा, निदान गाणं तरी असतं." एवढं वाचलं आणि राहवलं नाही. बेळगावात साउंडचा धंदा करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. डॉल्बी लावलाय, वाजवलाय, त्यापायी घरात अबोलाही धरलाय.

ठोका तोच असतो, हे खरं. मिनिटाला सव्वाशे-दीडशेच्या मधे कुठेतरी, आणि चारही मात्रांवर. पण भजनात टाळाचा ठेका बदलत नाही म्हणून कोण उठून जातं? ठेका धरून ठेवतो, वरचं हळूहळू बदलत जातं. दहा मिनिटं उभं राहिलात तर कळेल, दोन मिनिटांत निघालात तर नाही कळणार. यापेक्षा जास्त मला समजावता येणार नाही.

मला भाच्याने नेलं होतं. तो आणि त्याची बायको बेंगळुरूतच नोकरीला आहेत. निघताना म्हणाला, "मामा, चप्पल नको हं, आत सोडत नाहीत." चाळिशी उलटलेला माणूस भाच्याचे बूट घालून इंदिरानगरात रांगेत उभा! दारात पोरांची टोळकी परत पाठवत होते. नुसते पुरुष असले की बऱ्याच ठिकाणी हेच होतं, किंवा पैसे जास्त घेतात. बाउन्सरने माझ्याकडे खालून वर बघितलं. मी कन्नडमधे म्हटलं, "बेळगाविंदा बंदीवी री," म्हणजे बेळगावहून आलोय. तो हुबळीकडचा निघाला. हसला, मनगटाला पट्टी बांधली आणि सोडलं. सीमेचा वाद कोर्टात असेल तो असो, तिकडे खाली गेलं की हुबळी-बेळगाव एकच.

आत सगळे नाचायला लागले, मी आधी भिंतीकडेने एक फेरी मारली. सवयच तशी. बेसच्या सगळ्या पेट्या डीजेच्या बूथच्या खाली एकाच ओळीत, एकाला एक चिकटून. टॉप, म्हणजे बारीक-उंच आवाजाचे स्पीकर, वर टांगलेले, तोंड खाली नाचणाऱ्यांकडे. पेटीवर हात ठेवला तर तळव्यात गुरगुर, पण आवाज कुठेही फाटलेला नाही. बारच्या कोपऱ्यात गेलो तर भाच्याची बायको "मामा, पाणी घेणार?" म्हणाली, ते तिला ओरडायला न लागता ऐकू आलं. छातीत मात्र ठोका बसतच होता.

मग डीजेच्या हातांकडे बघत उभा राहिलो. एका कानावर हेडफोन, दुसरा कान मोकळा. नवा ट्रॅक आत घेताना त्याने त्याचा बेस पूर्ण खाली केला होता, नुसती झांज आणि वरचं खुळखुळणं चालू. मग एका क्षणी दोन्ही हात दोन बटणांवर: जुन्याचा बेस काढला, नव्याचा सोडला. दोन बेस एकावर एक कधीच नाहीत, कारण तसं झालं की चिखल होतो. अख्खी खोली एकदम उसळली आणि कुणालाच कळलं नाही का ते. मला कळलं. भाचा म्हणाला, "मामा, नाचताय की तुम्ही!" नाचत होतो.

रात्री एकला दिवे लागले. बाहेर आलो, कान स्वच्छ. विसर्जनानंतर कपिलेश्वर तलावावरून सकाळी घरी आलो की दोन दिवस कानात शिट्टी वाजायची, तिचा पत्ताच नव्हता.

आता आमचा दादा. माझा थोरला मावसभाऊ आणि धंद्यातला भागीदार. त्याचं म्हणणं, पब्लिकला पेट्यांची भिंत दिसली पाहिजे. ट्रॉलीवर डावीकडे उजवीकडे बेस, मधे टॉप, वर लायटी. मी म्हणायचो, अरे, बेस दोन बाजूंना फाकवलास की मधे धडकतो आणि कडेला मरतो, एकत्र ठेव. तर म्हणे, "तू इंजिनियर हायस काय?" जनरेटर लोडला कमी, ठोक्यागणिक बल्ब मिचमिचतोय, अ‍ॅम्पचा लाल दिवा विझतच नाही, आणि हा म्हणतोय अजून वाढव. लाल दिवा लागला म्हणजे लाटेचे शेंडे कापले जातात, आवाज गोड होत नाही, नुसता करकरतो, आणि स्पीकरची कॉइल जळते. रामदेव गल्लीसारख्या अरुंद ठिकाणी दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून तोच कर्कशपणा परत अंगावर येतो. म्हातारी माणसं दारं लावून बसतात. छातीत जो धक्का बसतो तो साठ-सत्तर हर्ट्‌झच्या आसपासचा बेस देतो. कान फोडतो तो टॉप. एवढं साधं त्याला आयुष्यभर पटलं नाही. शेवटी धंदा वेगळा केला, पण माझ्या वाटणीच्या दोन बेसपेट्या अजून त्याच्याच गोडाऊनमध्ये आहेत.

क्लबवरून आल्यावर त्याला सांगितलं, तर "ते गोऱ्यांचं फॅड" म्हणून मोकळा! टेक्नो डेट्रॉइटच्या काळ्या पोरांनी उभा केला: हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन. टेक्नोचंच भावंड म्हणजे हाउस संगीत, त्याचं नाव शिकागोच्या वेअरहाउस क्लबवरून पडलं, तिथे फ्रँकी नकल्स वाजवायचे, तेही काळेच. आणि आपल्या मुंबईत 1982 साली चरणजित सिंग यांनी रोलँडच्या 808 आणि 303 या ठोका-बेसच्या यंत्रांच्या साथीने राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. गोरे कुठून आले यात?

तर तुम्ही जा. आधारकार्ड घ्या, बूट घाला, मोबाईल वर धरून नाचू नका. एक वाजता मेट्रो नसते, गाडीचं आधीच बघा. कानात घालायचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात, ते घ्याच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतो, 90 झाला की 4 तास, आणि 100 ला जेमतेम 20 मिनिटं. म्हणजे चांगला क्लबसुद्धा कानाला फुकट नसतो. स्पीकरच्या तोंडाशी उभे राहू नका.

आणि हो, सगळे क्लब असे नसतात. टेक्नोची पाटी लावून अकरानंतर हिंदी रिमिक्स वाजवणारे भरपूर आहेत, आणि तिथला आवाज आमच्या दादाच्या ट्रॉलीसारखाच असतो. तसला तुमच्या वाट्याला आला तर माझ्या नावाने बोंब मारू नका.

दादा, हे वाचत असशील तर त्या पेट्या दसऱ्याच्या आत पाठवून दे. भाडं मी देतो.